राजा देव झाला म्हणजे प्रजेचें काय होतें?

दरवर्षीं १२ जानेवारीस सिंदखेड राजा येथें जो जनसमुदाय लोटतो, तो ज्यानें एकदां पाहिला असेल त्यास लोकांची श्रद्धा म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं. लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याच्या दगडी दरवाजांतून माणसांची रांग आंत सरकत असते. आई मुलीस कडेवर घेऊन जन्मस्थानाच्या उंबरठ्यावर डोकें टेकविते. म्हातारा शेतकरी टोपी काढून हात जोडतो. १५९८ सालीं याच वाड्यांत जिजाऊंचा जन्म झाला असें मानतात, आणि म्हणूनच या गांवास लोक मातृतीर्थ म्हणतात. या मेळाव्याविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. ज्या स्त्रीनें स्वराज्याच्या कल्पनेस आपल्या घरांत वाढविलें, तिच्यापुढें तिच्या माहेरच्या जिल्ह्यानें वांकावें यांत गैर तें काय? परंतु आदर आणि पूजा या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि पहिलीचें रूपांतर दुसरींत केव्हां होतें हें पुष्कळदां खुद्द पूजकासही कळत नाहीं. म्हणून उत्सवाच्या गर्दींत सहसा कोणी विचारीत नाहीं असा एक प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें ठेवतों : राजा देव झाला, राजमाता देवी झाली, म्हणजे प्रजेचें काय होतें?

हा प्रश्न केवळ आपल्या जिल्ह्याचा नाहीं. जगांतील बहुतेक साम्राज्यांस तो पडलेला आहे, आणि त्यांतल्या त्यांत रोमच्या साम्राज्याचा अनुभव विचार करण्याजोगा आहे. ज्युलियस सीझर मारला गेल्यावर इ. स. पूर्व ४२ सालीं रोमच्या सीनेटनें त्यास देव ठरविलें. त्याचा दत्तक पुत्र ऑगस्टस यास आशिया प्रांतांतील लोकांनीं त्याच्या हयातींतच पर्गमम येथें मंदिर बांधण्याची परवानगी मागितली व ती मिळाली. त्याच्या मागून गादीवर आलेला टायबेरियस हा स्वभावानें संशयी व कठोर खरा, पण इ. स. २५ सालीं स्पेनमधील एका प्रांतानें त्याचें मंदिर बांधण्याची इच्छा दर्शविली, तेव्हां आपण मर्त्य मनुष्य आहों, मनुष्याचींच कामें करतों, असें सांगून त्यानें ती नाकारली. मात्र आशिया प्रांतास त्यानें आधींच दिलेली परवानगी कायम होती; आणि पुढच्याच वर्षीं तें मंदिर आपल्याच शहरीं व्हावें म्हणून अकरा शहरें सीनेटपुढें भांडूं लागलीं. प्रत्येकानें आपली प्राचीनता सांगितली, आपली राजनिष्ठा सांगितली, आणि अखेर स्मर्ना शहराची सरशी झाली.

आमच्या व्यापारी वाचकांनीं या ठिकाणीं क्षणभर थांबावें. हीं अकरा शहरें टायबेरियसच्या प्रेमानें वेडीं झालीं होतीं काय? मुळींच नाहीं. साम्राज्यपूजेचें मंदिर ज्या शहरीं असे, तेथें उत्सव भरत, खेळ होत, यात्रेकरू येत, बाजार फुलत. त्या मंदिराचा मुख्य पुजारी होणें हा प्रांतांतील श्रीमंत घराण्यांच्या दृष्टीनें सर्वांत मोठा मान असे, आणि त्या मानाच्या पायऱ्या चढून पुढें मोठमोठे अधिकार मिळत. देव रोमांत बसलेला. मान मात्र स्मर्नाच्या पुजाऱ्याचा. राजपूजेचा हा पहिला धडा आहे. राजाची पूजा जितकी वाढते तितका राजा मोठा होतोच असें नाहीं. राजा आणि प्रजा यांच्यामध्यें जो उभा राहतो तो मात्र खात्रीनें मोठा होतो.

दुसरा धडा याहून कडू आहे. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा अधिकारी प्लिनी याच्यापुढें ख्रिस्ती असल्याच्या आरोपावरून कांहीं माणसें आणण्यांत आलीं. त्यांची परीक्षा त्यानें कशी घेतली? सम्राट ट्राजनची मूर्ति पुढें ठेवून तीपुढें धूप व मद्य अर्पण करण्यास सांगितलें. ज्यांनीं केलें ते सुटले. म्हणजे जें कृत्य आरंभीं हौसेचें होतें, तें शंभर वर्षांत निष्ठेची कसोटी होऊन बसलें. पूजा करणारा सज्जन आणि न करणारा द्रोही, हें समीकरण एकदां बसलें म्हणजे कोणी कोणास प्रश्न विचारूं शकत नाहीं. आणि ज्या देवाच्या नांवानें हें सर्व चालतें, त्याची तरी शाश्वति काय? इ. स. ९६ सालीं सम्राट डोमिशियनचा खून झाला आणि सीनेटनें त्याचें नांव पुसून टाकण्याचा ठराव केला. त्याचा एक घोडेस्वार पुतळा इटलींत सांपडला आहे; त्यांतील धड डोमिशियनचें आणि तोंड मात्र त्याच्या मागून आलेल्या नर्व्हाचें आहे! पुतळा तोच, घोडा तोच, बदलला तो फक्त चेहरा.

आपल्याकडे असें कांहीं नव्हतें, असें कोणी म्हणूं नये. जुन्नरजवळील नाणेघाटांत सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा दोन हजार वर्षांपूर्वीं कोरलेल्या होत्या. आज तेथें सिमुक, सातकर्णी, नागनिका हीं नांवें भिंतीवर उरलीं आहेत. प्रतिमा नष्ट झाल्या आहेत. नाशिकच्या लेण्यांतील लेखांत गौतमी बलश्रीनें आपल्या पुत्राची तुलना राम, केशव, अर्जुन व भीमसेन यांच्याशीं केली आहे. आईनें पुत्राची थोरवी गावी हें स्वाभाविक आहे. पण त्याच लेखांत तिनें लेणें दान दिल्याची नोंदही केली आहे, आणि भिक्षूंच्या उपयोगी पडलें तें दान, उपमा नव्हे. १५९६ सालीं आपला वऱ्हाड ज्याच्या ताब्यांत गेला, त्या अकबर बादशहानें झरोक्यांतून प्रजेस दर्शन देण्याचा परिपाठ ठेवला होता, आणि त्याचें मुखदर्शन झाल्यावांचून अन्न न घेणारा एक वर्गच त्यांतून निर्माण झाला. पुढें औरंगजेबानें ही प्रथा मनुष्यपूजेसारखी वाटते म्हणून बंद केली. पण चालीरीती माणसांपेक्षां चिवट असतात. दिल्ली दरबारच्या वेळीं, १३ डिसेंबर १९११ रोजीं, इंग्लंडचा राजा पांचवा जॉर्ज व त्याची राणी हीं लाल किल्ल्याच्या त्याच झरोक्यांत येऊन बसलीं व खालीं जमलेल्या लाखों लोकांस त्यांनीं दर्शन दिलें. त्या राजाचा दिल्लीतील संगमरवरी पुतळा १९६८ सालीं छत्रीखालून उचलून दूर एका बागेंत नेऊन ठेवण्यांत आला. ज्यांच्या बापजाद्यांनीं दर्शन घेतलें होतें त्यांपैकीं किती जणांस आज त्याची आठवण आहे?

यावर आमचे कित्येक वाचक रागावून म्हणतील, कीं सीझर, अकबर आणि जॉर्ज यांच्या रांगेंत तुम्ही शिवरायांस आणि जिजाऊंस बसवितां काय? नाहीं, आम्ही तसें करीत नाहीं. रोमच्या बादशहाची पूजा त्याच्या फौजेच्या छायेंत झाली. शिवरायांची पूजा प्रजेनें त्यांच्या पश्चात् केवळ कृतज्ञतेनें केली. सिंधुदुर्ग किल्ल्यांतील शिवराजेश्वराचें मंदिर राजाराम महाराजांनीं १६९५ सालीं बांधलें असें सांगतात, आणि औरंगजेबाची प्रचंड फौज दक्षिणेंत उतरलेली असतांना त्या मूर्तीनें मराठ्यांस धीर दिला असेल हेंही आम्ही मान्य करतों. महात्मा फुल्यांनीं १८६९ सालीं शिवरायांवर पवाडा प्रसिद्ध केला, त्यांत त्यांस कुळवाड्यांचा राजा दिसला. टिळकांनीं १८९६ सालीं रायगडावर उत्सव केला, त्यांत त्यांस परकीय सत्तेविरुद्ध उभें राहण्याचें बळ दिसलें. दोघांचे मार्ग निराळे होते, पण दोघेही इतिहासांतील माणसाकडे कांहीं शिकण्याकरितां गेले होते. हा फरक आम्ही विसरत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच, कीं पूजेचा उगम भयांत असो वा प्रेमांत असो, पुढें तिचा परिणाम एकच होत जातो. मूर्तीभोंवतीं मध्यस्थ जमतात. मूर्तीविषयीं प्रश्न विचारणें पाप ठरतें. आणि सर्वांत वाईट म्हणजे, तिचें अनुकरण करण्याच्या जबाबदारींतून भक्त स्वतःची सुटका करून घेतो. तो म्हणतो, ती देवी होती, तिला तें शक्य झालें. आपण सामान्य माणसें, आपल्यानें काय होणार!

खरोखर जिजाऊ देवी नव्हत्या हेंच त्यांचें मोठेपण आहे. १६२९ सालीं दौलताबादेस निजामशाही दरबारांत त्यांच्या पित्याचा व त्याबरोबर भावांचा विश्वासघातानें वध झाला. माहेर जाधवांचें, सासर भोसल्यांचें; या दोन घराण्यांत वितुष्ट आलेलें त्यांनीं पाहिलें. थोरला पुत्र संभाजी कनकगिरीच्या वेढ्यांत पडला. पती कर्नाटकांत, आणि पुण्याची जहागीर म्हणजे फौजांच्या टाचांखालीं उद्ध्वस्त झालेला मुलूख. तेथें पळालेल्या कुळांस परत आणणें, जमीन लागवडीस लावणें, तंटे ऐकणें, न्याय देणें हीं कामें चमत्कारानें होत नसतात. रोज सकाळीं उठून तीं करावीं लागतात. १६६६ सालीं शिवराय आग्र्यास अडकले असतां राज्याची घडी विसकटली नाहीं, यांत साठी ओलांडलेल्या या बाईंचा हात होता. राज्याभिषेक डोळ्यांनीं पाहून १६७४ च्या जून महिन्यांतच पाचाड येथें त्यांनीं देह ठेवला. हें चरित्र एका माणसाचें आहे. देवीस दुःख होत नाहीं, म्हणून देवीच्या धैर्यास किंमत नाहीं. ज्या बाईस बाप, भाऊ आणि मुलगा गमावूनही दुसऱ्या दिवशीं रयतेचा तंटा ऐकावा लागला, तिच्या धैर्यास किंमत आहे, आणि तें धैर्य आजची कोणतीही विधवा शेतकरीण आपलें म्हणूं शकते.

आतां या मातृतीर्थाच्या जिल्ह्याचा हिशेब पाहूं. २००१ च्या जनगणनेंत बुलढाणा जिल्ह्यांत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागें ९०८ मुली होत्या. २०११ च्या जनगणनेंत त्या ८५५ झाल्या. साऱ्या महाराष्ट्राचा आंकडा त्या वर्षीं ८९४ होता. म्हणजे ज्या जिल्ह्यांत जिजाऊंचा जन्मोत्सव सर्वांत थाटानें होतो, तो जिल्हा मुलींच्या जन्माच्या बाबतींत राज्याच्याही मागें पडला. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ सालीं झालेला. तपासणी करणारे शिकलेले, करविणारे पैसेवाले. या लोकांपैकीं कोणी जयंतीच्या मिरवणुकींत चाललाच नसेल असें छातीवर हात ठेवून कोण सांगूं शकेल? देवीच्या मूर्तीस हार आणि घरांतल्या मुलीस नकार, या दोन गोष्टी एकाच मनांत सुखानें नांदतात त्या याच कारणानें, कीं मूर्ति आपणांस जाब विचारीत नाहीं. जिजाऊ माणूस म्हणून आपल्यापुढें उभ्या राहिल्या असत्या, तर त्यांनीं पहिला प्रश्न हाच विचारला असता.

शिवरायांच्या बाबतींतही तेंच. चिपळूणच्या छावणीस त्यांनीं पाठविलेलें पत्र प्रसिद्ध आहे. लष्करानें रयतेच्या दाण्यागोट्यास व वैरणीस हात लावूं नये, पाहिजे तें बाजारांतून विकत घ्यावें, ही त्यांतील सक्त ताकीद. ज्या राजास शेतकऱ्याच्या वैरणीची इतकी काळजी, त्याचीं नांवें घेणाऱ्या आपल्या विदर्भांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ सालीं केंद्र सरकारास सहा जिल्ह्यांसाठीं विशेष मदत जाहीर करावी लागली, आणि त्या सहांत बुलढाणा एक होता. आणि कारागिरीचें म्हणाल तर मालवणचें उदाहरण ताजें आहे. राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजीं उभारलेला महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला. नऊ महिनेही टिकला नाहीं. समोरच समुद्रांत १६६४ सालीं स्वतः महाराजांनीं पाया घातलेला सिंधुदुर्ग साडेतीनशें पावसाळे खाऊन उभा आहे. पुढें २०२५ सालीं त्या जागीं नवा व मोठा पुतळा उभारण्यांत आला. पण एक पुतळा पडला म्हणून दुसरा मोठा बांधणें म्हणजे धडा घेणें नव्हे. ज्यानें किल्ला बांधला त्यास चुना, दगड आणि समुद्राचें वारें ठाऊक होतें. त्याची भक्ति करणारांनीं त्याच्याकडून दुसरें कांहीं नाहीं तरी चोख काम तरी शिकावयास हवें होतें.

आपल्याच जिल्ह्यांतील आणखी एक गोष्ट सांगतों. जळगाव जामोद तालुक्यांतील भेंडवळ येथें अक्षय्यतृतीयेस घटमांडणी होते. शेतांत घट आंखून मध्यें खड्डा करतात. त्यांत पावसाच्या चार महिन्यांचीं चार ढेकळें, वर पाण्याचें भांडें, पापड, पुरी, भोंवतीं नाना प्रकारचीं धान्यें, आणि राजाचें प्रतीक म्हणून पानविडा ठेवतात. दुसऱ्या दिवशीं पहांटे काय हललें, काय जागेवर राहिलें, हें पाहून पाऊस, पीक आणि राजाची गादी यांचें भाकीत सांगतात. सुमारें साडेतीनशें वर्षांची ही परंपरा आहे असें मानतात, आणि तिची थट्टा करण्याची आमची इच्छा नाहीं. पावसाच्या भरंवशावर जगणाऱ्या माणसाची ती व्याकुळता आहे. पण त्या पानविड्याकडे आमच्या वाचकांनीं नीट पाहावें. २६ जानेवारी १९५० पासून या देशांत राजा नाहीं. राज्य कोणी करावें हें आपल्या बोटाच्या शाईनें ठरतें. तरीही गादी हलेल कीं राहील हें आपण विड्याच्या पानास विचारतों, याचा अर्थ राजा आपल्या मनांतून अद्याप गेलेला नाहीं. जो दुसऱ्याच्या हातांत आहे असें वाटतें त्याचेंच भाकीत विचारतात. जें आपल्या हातांत आहे त्याचा हिशेब करतात.

सिंदखेड राजा येथेंच १२ जानेवारी २००५ रोजीं शिवधर्माची घोषणा झाली. पुरोहितांच्या कर्मकांडांतून बहुजन समाजास सोडवावें ही तिच्या मागील प्रेरणा होती, आणि त्या प्रेरणेशीं आमचें वैर नाहीं. परंतु धर्मांच्या इतिहासांत असें वारंवार घडलें आहे, कीं जुना पुरोहित दारांतून बाहेर जातो आणि नवा खिडकींतून आंत येतो. ज्या थोर व्यक्तीच्या नांवें धर्म उभा राहतो तिच्याविषयीं मोकळेपणानें बोलण्याची, तिच्या चरित्राची कागदपत्रांवरून चिकित्सा करण्याची मुभा त्या धर्मांत राहिली, तर तो टिकेल व उपयोगी पडेल. ती मुभा गेली, तर स्मर्नाचा पुजारी आणि आपण यांत अंतर उरणार नाहीं. हीच सूचना आम्ही जुन्या देवळांच्या विश्वस्तांसही करतों आणि पुतळ्यांच्या समित्यांसही करतों.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितींतील आपल्या शेवटच्या मोठ्या भाषणांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं या रोगाचें अचूक निदान केलें होतें. धर्मांत भक्ति ही आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असूं शकेल, परंतु राजकारणांत भक्ति किंवा विभूतिपूजा हा अधःपाताचा आणि अखेर हुकूमशाहीचा निश्चित मार्ग होय, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. आज खुद्द बाबासाहेबांच्याच मूर्तीपुढें कित्येक ठिकाणीं तीच विभूतिपूजा चालते, आणि त्यांचा इशारा त्यांच्याच जयंतीस कोणी वाचून दाखवीत नाहीं, हें पाहून खेद होतो. रोग इतका खोल आहे.

मग करावें काय? उत्सव बंद करावे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. आमच्या सूचना साध्या आहेत, आणि जमाखर्च जाणणाऱ्या व्यापारी वाचकांस त्या पटतील अशी आशा आहे. जो व्यापारी जयंतीस वर्गणी देतो त्यानें पावतीबरोबर हिशेबही मागावा. ज्या समितीचा हिशेब चोख आहे तिला यांत अपमान वाटण्याचें कारण नाहीं. वर्गणीचा निम्मा भाग गांवांतील मुलींच्या शिक्षणास किंवा जुन्या तळ्यांतील गाळ काढण्यास जावा. सिंदखेड राजा येथील मोती तलाव व चांदणी तलाव पाहणारास जुन्या पिढ्यांनीं पाणी साठविण्याकडे किती लक्ष दिलें होतें हें सांगावें लागत नाहीं. जन्मोत्सवाच्या दिवशीं व्यासपीठावरून गांवागांवांत गेल्या वर्षीं किती मुलगे व किती मुली जन्मल्या याचे आंकडे मोठ्यानें वाचले जावे. भेंडवळच्या भाकितांची नोंद वहींत करून वर्षाअखेर ती पर्जन्यमापकाच्या आंकड्यांशीं ताडून पाहावी. खरें ठरलें तर आनंदच आहे, खोटें ठरलें तर शहाणपण पदरीं पडेल. आणि पुतळा उभारण्यापूर्वीं तो कोण ओतणार, पाया कोण तपासणार व पडल्यास जबाबदार कोण, हें लेखी ठरावें.

यांतली एकही गोष्ट अशक्य नाहीं, आणि एकीनेंही जिजाऊंचा मान कमी होत नाहीं. उलट, ज्या दिवशीं बुलढाणा जिल्ह्यांत हजार मुलांमागें हजार मुली जन्मूं लागतील, त्या दिवशीं सिंदखेडच्या वाड्यांतील उंबरठ्यावर डोकें टेकविण्याचा अधिकार आपणांस खऱ्या अर्थानें मिळेल. तोंपर्यंत तेथें जातांना आपण वर मागावयास जात नसून जाब देण्यास जात आहों, इतकें प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें, अशी आमची वाचकांस नम्र विनंति आहे.